आमच्या गावाला हिरवं कार्ड मिळालं!

मैत्रिणींनो, मुदखेडजवळच्या आमच्या गावाला आज पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड मिळालं!

मागच्या तपासणीत आरोग्यसेविका सुनीताताईंनी पाणी धोक्याचं म्हणून लाल कार्ड दिलं, तेव्हा सरपंच लई चिडले होते. "गावाची इज्जत काढता का? पिवळं द्या की!"

"भाऊ, सरकारी नियम हाय. रंग मला बदलता येत न्हाई. तुम्ही पाणी बदला."

मग विहिरीजवळचा उकिरडा हलला, टाकी धुतली गेली.

आज त्याच सरपंचांनी हिरव्या कार्डाला हार घालून नारळ फोडला. ताई हसल्या, "नारळ ठीक हाय, ब्लीचिंग पावडर विसरू नका!"

माझे मालक काविळीनं गेले, तेव्हा चांगल्या पाण्यासाठी ताईंसारखं कुणी अडून बसलं नव्हतं. आज पहिला पेला त्यांच्या फोटोपुढं ठेवला, मग मी पोटभर प्याले.

तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? विचारून तर बघा.