कोरीनसाठी आलेले फोन

ग्लेंडा रॅसमसन यांनी आपल्या एकुलत्या एक मुलीचं, कोरीनचं नाव दुसरीत असताना शाळेतून काढलं. ही बाई महिन्याभरात पोरीला परत आणून सोडेल, असं गावाला वाटलं. त्यांनी तिला अकरा वर्षं घरीच शिकवलं. कोरीन हळू वाचते म्हणून वर्गातल्या बाईंनी तिला चार दिवस दाराबाहेर बसवलं होतं आणि घरी कळवलंही नव्हतं. ते ग्लेंडाबाईंच्या मनाला फार लागलं होतं.

शिकवायच्या मात्र सुरेख. ॲपल-पाय या गोड पदार्थाचे तुकडे करून अपूर्णांक, नवऱ्याच्या, रॉयच्या धान्याच्या ट्रकवर बसवून वजनमापं, अंगणात घोंगडी पसरून नक्षत्रं. कोरीनच्या त्या वेळच्या वह्या मी पाहिल्यात. अशा वह्या माझ्या मुलीच्या झाल्या असत्या, तर मी साऱ्या कॅन्सासभर मिरवल्या असत्या. फक्त त्यांच्या घरापासून सर्वांत जवळचं दुसरं घर तीन मैलांवर होतं, आणि त्या घरात मूल नव्हतं.

कोरीन अकरा वर्षांची असताना ग्लेंडाबाईंची ग्रंथालयात एका बाईंशी ओळख झाली. घरी शिकवणारी पाच कुटुंबं एकत्र येऊन चर्चच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवत होती. अशा शाळांना हल्ली मायक्रोस्कूल म्हणतात, तेव्हा त्यांना काही नावच नव्हतं. ग्लेंडाबाई एक दिवस कोरीनला घेऊन गेल्या. तिथे जोसी नावाच्या मुलीशी तिची गट्टी जमली. घरी आल्यावर जेवताना कोरीन जोसीबद्दल इतकं बोलली, की रॉयनं तिला दोनदा घास घ्यायची आठवण करून दिली.

पण त्याच दिवशी तिथल्या एका आईनं ग्लेंडाबाईंना सहज विचारलं होतं, "ही अजून ओळीखाली बोट धरून वाचते का?"

बाई पुन्हा त्या खोलीची पायरी चढल्या नाहीत. कोरीन काही आठवडे विचारत राहिली, मग विचारेनाशी झाली. तिला पटलं, असा अर्थ आईनं काढला.

कोरीन मोठी झाली, अबोल झाली आणि एकोणिसाव्या वर्षी ओरेगनला निघून गेली. तिथे एका रोपवाटिकेत फळझाडांची कलमं बांधायचं काम करते. दर रविवारी आईला फोन, वर्षातून एकदा घरी चक्कर.

माझी आणि ग्लेंडाबाईंची ओळख त्यानंतरची. मी माझ्या मुलीला, आयव्हीला घरी शिकवत होते, म्हणजे रोज तिच्याशी भांडत होते. एक दिवस ग्रंथालयाबाहेर गाडीत बसून मी रडत होते. ग्लेंडाबाईंनी काचेवर टकटक केलं. "मुलगी भागाकारावर अडलीय की तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोघी. "मग उद्या दोघी या माझ्याकडे."

आमच्या मागोमाग आणखी दोन कुटुंबं आली, मग आणखी. रॉयनं अवजारांची शेड रिकामी करून तिला खिडक्या बसवल्या, शेगडी लावली, कुणीतरी जुना गालिचा दिला. मुलं आत शिकायची आणि आम्ही आया ग्लेंडाबाईंच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसायचो. कुणाचा नवरा कामानिमित्त महिना महिना बाहेर, कुणाला सासूचे रोजचे टोमणे, की पोरांना अडाणी ठेवतेयस. तिथे कुणी कुणाला शहाणपण शिकवलं नाही. आपण एकट्याच वेड्या नाही, एवढं कळलं तरी घरी जाताना हलकं वाटायचं.

चौथ्या वर्षी एका आईचं आमच्यातल्याच एकीशी बिनसलं आणि तिनं मुलीला पाठवणं बंद केलं. ग्लेंडाबाई गाडी काढून तिच्या घरी गेल्या. मी सोबत होते. ही ताठ मानेची बाई त्या तिशीतल्या पोरीच्या दारात उभी राहून चक्क विनवत होती, की तुझा राग माझ्यावर काढ, पण मुलीला तिच्या मैत्रिणींपासून तोडू नकोस. तिची मुलगी सोमवारपासून परत येऊ लागली.

परतताना मी म्हटलं, "एवढं कशाला हो वाकायचं?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाल्या, "मार्नी, जोसीचे फोन आले होते. तीन वेळा. दोनदा मी सांगितलं, कोरीन अभ्यास करतेय. तिसऱ्यांदा सांगितलं, तिला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

"कोरीनला माहीत आहे?"

"नाही."

तिला सांगून टाका, असं मी म्हटलं. त्याला त्यांनी दोन वर्षं लावली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोरीन आली. सुट्टी असल्यानं शेड रिकामी होती. मी टर्की भाजायचं मोठं भांडं परत करायला गेले होते, तेव्हा मायलेकी तिथेच उभ्या होत्या. कोरीन भिंतीवरची मुलांची चित्रं, खुंट्यांवर विसरलेल्या टोप्या बघत होती.

"छान केलंयस गं आई," ती म्हणाली. "माझ्या वेळी का नाही केलंस?"

मी निघणार होते, पण ग्लेंडाबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि माझ्यादेखत तीनही फोनचं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

कोरीन खाली गालिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, त्या दिवशी मी फार बडबड केली," ती म्हणाली. "म्हणून तिनं फोन केला नाही. मग मी ठरवलं, लोकांशी कमी बोलायचं."

"कोरीन, चुकलं गं माझं."

"हो," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी ती परत गेली.

नंतर ग्लेंडाबाईंनी जोसीचा ठावठिकाणा काढला. ती नेब्रास्कात होती, तिची स्वतःची बेकरी होती. नंबर त्यांनी कोरीनला पत्रातून पाठवला. तिनं फोन केला की नाही, हे विचारायचा धीर त्यांना आजवर झालेला नाही. रविवारचे फोन चालू आहेत, थोडे आखूड झालेत.

आता शाळा मी बघते. ग्लेंडाबाईंचे गुडघे गेलेत, त्या बुधवारी फक्त वाचनाला येतात. जी मुलं बोट धरून वाचतात त्यांना शेजारी घेऊन बसतात. एकदा मी म्हटलं, तुमच्यामुळे किती पोरांचं भलं झालं. त्या म्हणाल्या, "झालं असेल. पण ती पोरं कोरीन नाहीत गं."

यंदा वसंतात कोरीन आली होती. मी फार आग्रह केला तेव्हा तिनं मुलांना अंगणात सफरचंदाचं कलम बांधून दाखवलं. तासभर होती. चाकू कसा धरायचा, साल किती काढायची, तेवढंच बोलली. ग्लेंडाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. इकडे या म्हणून मी खूण केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.