अर्धवट होडी, एक

चार भावंडांत पहिली, म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. टेलिफोन खात्यात उभी हयात गेली, पण उधारीला तिने कधी हात लावला नाही. फ्रिज घेतला तोही रोखीने. पैसे साठेपर्यंत दिवसातून तीनदा दूध तापवलं. वाटीभर साखर उसनी आणली, तर ती परत जाईपर्यंत तिला घास गोड लागत नसे. वडिलांनी लहानपणीच मनात भरवलं होतं, "तुझे पणजोबा लोकांचे पैसे बुडवून मेले. आपल्या रक्तातच उधारी आहे, जपून राहा."

मुलीने घरासाठी कर्ज काढायचं म्हटलं, तेव्हा थोरलीच्या तोंडून नेमकं तेच निघालं. मुलगी भडकली. "किती बुडवले? कुणाचे? सांग ना!"

थोरलीला ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीने कर्ज काढलंच, पण तो प्रश्न थोरलीच्या डोक्यात ठाण मांडून बसला. पणजोबांच्या गावच्या कोर्टात वारशाची जुनी दप्तरं बघायला मिळतात असं कळलं, तशी निवृत्तीनंतर ती नवऱ्याला घेऊन तिथे पोचली.

"शंभर वर्षांनी खुद्द पणतीच चौकशीला आली म्हणून दचकतील बिचारे," नवरा म्हणाला.

रेकॉर्डवालीने लोखंडी मांडणीवरून गाठोडं काढलं. "हळू उलटा. कडा मोडतात."

पहिल्या कागदावर पणजोबांचा धंदा लिहिला होता: होड्या बांधणे. खाली देणी होती. लाकूडवाल्याचं सगळ्यात जास्त, खालोखाल लोहाराचं आणि राळवाल्याचं. मग मिळकत: करवत, पटाश्या, रंधे, दोन खाटा, भांडी. आणि शेवटी, "अर्धवट होडी, एक."

"बुडवलेच की," थोरलीचा चेहरा उतरला.

"अगं, पान तर उलट."

पुढे पणजीची जबानी होती. लाकूडवाल्याने सगळ्याचा लिलाव मागितला होता आणि पणजी कोर्टात उभी राहिली होती. कारकुनाने शब्द न् शब्द उतरवला होता.

"अर्धी होडी विकली तर सरपणाचा भाव येईल. पुरी झाली तर सगळ्यांचं फिटेल. मला मुदत द्या."

"पुरी करणार कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी. करवतीचं एक टोक त्यांच्या हातात असायचं, दुसरं माझ्याच हातात होतं की."

कोर्टात लोक हसले, हेही कारकुनाने लिहून ठेवलं होतं. पण लाकूडवाला हसला नाही. तो म्हणाला, "द्या मुदत. ही बाई फळी वाजवून घ्यायची. माझा खराब माल तिच्यापुढे कधी खपला नाही."

नवऱ्याची थट्टा तिथे थांबली. पुढे कोर्टाने पाहणीला पाठवलेल्या माणसाचा कागद होता. बाई होडीच्या पोटाखाली उताण्या निजून फटी भरत होत्या, पोरं राळ तापवत होती. बोलायला या म्हटलं, तर हातातलं काम संपेपर्यंत आल्या नाहीत, असं त्याने जरा रागानेच लिहिलं होतं.

मग होडी पाण्यात उतरल्याची नोंद. ती विकल्याची. मग एकेका घेणेकऱ्याची पोच, लाकूडवाल्याची सगळ्यात वर. थोडी रक्कम उरली होती. पणजीने ती घेतली नाही; त्याऐवजी लिलावाच्या यादीत लागलेली हत्यारं मागून घेतली.

"मग बाबा असं का म्हणायचे?" थोरलीने कागदावरून मान वर केली.

"कर्ज झालं ते गावभर झालं असेल," नवरा म्हणाला. "फेडलं ते या गाठोड्यात पडून राहिलं."

थोरलीने जबानीचा कागद आणि हत्यारं मिळाल्याची शेवटची पावती शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीखाली पणजीचा अंगठा होता. जबानीवरचा गोल, रेघा मोजून घ्याव्यात असा. पावतीवरच्या अंगठ्यातून मात्र आडवी पांढरी फट गेली होती.

"शाई लागली नसेल," नवऱ्याने चष्मा सावरला.

रेकॉर्डवाली वाकली. तिने पावतीची दुसरी प्रतही काढून बघितली. "यावरही तशीच आहे. जखमेचा वण आहे हा."

"होडी पुरी करताना पटाशी लागली असणार," थोरली म्हणाली.

मग तिला खुर्चीत बसवेना. घरात वडीलधारं माणूस आलं की उठावं, तशी ती उठून उभी राहिली. नवराही उठला. रेकॉर्डवालीने नक्कल हवी का म्हणून विचारलं, तेव्हा थोरलीने उभ्यानेच मान डोलावली.