झोपाळ्यासमोरचा कॅमेरा

माझ्या बायकोच्या मामांना पसंत पडेल अशी वस्तू अजून कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेली नाही. बोर्डीच्या चिकूवाडीत जन्म गेलेला माणूस. चिकूला नख लावून पाहायची सवय त्यांनी मिक्सरपासून जावयापर्यंत सगळ्यांवर चालवली. आमच्या लग्नात त्यांनी भर मांडवात माझा दंड दाबला आणि "अजून चार दिवस पेंढ्यात ठेवायला पायजे होता," असा शेरा मारला. एक पंखा त्यांनी परत पाठवला, कारण तो म्हणे विचार करकरून फिरत होता. सामान पोचवणारा कुरिअरवाला त्यांच्या दारात गाडी बंदच करत नसे.

मामी मात्र एकदाच एका वस्तूवर भाळल्या. निळी शाल होती. मामांना तिच्यात सुटा धागा सापडला आणि शाल परत गेली. मामींनी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्या गेल्या. अबोला तसाच राहिला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

वर्षभराने मामांनी एक छोटा डिजिटल कॅमेरा मागवला. परत करायला दहा दिवसांची मुदत होती. सोबतच्या पट्ट्याला दोन किलो चिकू टांगून झाले, पाउचमध्ये पाणी भरून झालं, जादा बॅटरीचा वास घेऊन झाला, वीतभर तिपाई पायरीवर, कठड्यावर, तांदळाच्या डब्यावर उभी करून झाली. सगळं पास! ऐकून मला काळजीच वाटली. नवव्या दिवशी फोन आला, "जावईबापू, या जरा. यात खोट हाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचलो. त्याच वेळी कुरिअरवाला कॅमेरा परत न्यायला यायचा होता. हा कॅमेरा चेहरा दिसला की त्याभोवती पिवळा चौकोन काढतो, आणि चेहरा हसला की आपोआप फोटो घेतो. मामांनी तो तिपाईवर चढवून रिकाम्या झोपाळ्यासमोर ठेवला होता. पडद्यावर झोपाळा दिसत होता आणि त्यावर, बसलेल्या बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर, पिवळा चौकोन.

"भिंतीवरचा डाग असेल," मी म्हणालो. लेन्स पुसली. लोड हलवला. कॅमेरा वाडीकडे वळवला, चौकोन गेला. झोपाळ्याकडे आणला, चौकोन आला.

"खोट ती नाय," मामा म्हणाले. "नऊ दिवस झाले, एक फोटो काढला नाय यानं. हसतच नाय ती."

नऊ संध्याकाळी हा माणूस रिकाम्या झोपाळ्याला विनोद सांगत बसला होता. माझा पेंढ्याचासुद्धा सांगून झाला होता.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पट्टा, पाउच, बॅटरी सगळं खोक्यात भरलेलं होतं. मामा कॅमेरा उचलायला वाकले आणि तसेच थांबले.

"नाय देत परत," ते झोपाळ्याकडे बघत म्हणाले. "आणि त्या शालीत सुटा धागा नव्हता गं. माझ्याच नखानं निघाला तो. तुला सांगायची लाज वाटली."

कॅमेरा वाजला.

फोटोत झोपाळा आहे, लोड आहे, मागे संध्याकाळ आहे. बाकी कुणी नाही. मामांनी तो ओटीवर लावलाय. परवा गेलो तेव्हा ते त्याच्यासमोर उभे होते, अगदी जवळ, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.