ब्रेक-काकांची प्रदक्षिणा

ब्रेक-काका कुणाच्याही गाडीत शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. सिग्नल लाल व्हायच्या आधी, वळण यायच्या आधी, कधी कधी तर समोर काहीच नसताना. पाय इतक्या इमानाने काम करायचा की चालवणाऱ्याला वाटावं, गाडी त्यांनीच थांबवली. मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला नवी असताना त्यांनी मला गाडी शिकवली. तीन आठवड्यांत माझ्या गाडीतली त्यांच्या बाजूची मॅट झिजली. "गाडी चालवणं कुणालाही येतं," ते म्हणायचे, "थांबवता आली पाहिजे."

त्यांचं खरं नाव मधुकर कुलकर्णी. पण नोव्हायमध्ये कुलकर्णी पुष्कळ होते आणि ब्रेकवर तीस वर्षं घालवलेला एकच होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ते ब्रेक तापवायचे, भिजवायचे, गोठवायचे आणि मग ते लागतात का ते बघायचे. मी २००३ साली नागपूरहून त्याच लॅबमध्ये आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला हॅलो म्हणायच्या आधी विचारलं, "टायरमध्ये हवा किती आहे?" माझ्याकडे तेव्हा गाडीच नव्हती.

अशा माणसाने बोट घ्यावी, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. ते मूळचे सोलापूरचे. लहानपणी घरात पाणी दिवसाआड यायचं. पोहणं म्हणजे काय ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. पण शेजारचा म्हातारा फ्लोरिडाला कायमचा निघाला आणि जाताना आपली अठरा फुटी बोट ट्रेलरसकट काकांच्या गळ्यात घालून गेला. काका बोटीकडे फारसे बघतच नव्हते. ते ट्रेलरखाली शिरले आणि अर्ध्या तासाने ग्रीसने माखलेले बाहेर आले. "याला स्वतःचे ब्रेक आहेत!" ते काकूंना म्हणाले. बोट घेण्याचं कारण मला वाटतं तेवढंच होतं.

त्यांच्या वस्तीच्या असोसिएशनचा नियम असा, की बोट घरासमोर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची नाही. पत्र आलं. काकांनी ते नीट वाचलं आणि नियमाचं शब्दशः पालन सुरू केलं. दर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बोट गाडीला जोडायचे, दोन-चार मैल फिरवून आणायचे आणि पुन्हा ड्राइव्हवेत उभी करायचे. दोन उन्हाळे हे चाललं. एवढी फिरलेली आणि पाण्याला न लागलेली दुसरी बोट मिशिगनमध्ये नसावी. त्यातून एक फायदा झाला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं आणि त्यात भले भले घाम गाळतात. काका मात्र एका हाताने, पेपर टाकणाऱ्याशी बोलत बोलत, ट्रेलर मागे घ्यायला लागले.

सुनंदाकाकू एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करत. त्या फार बोलत नसत. जे बोलत ते पुस्तकावर शिक्का मारल्यासारखं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "बोट पाण्यात कधी जाणार?"

"त्याचंच प्लॅनिंग चालू आहे," काका म्हणाले. आणि खरोखरच त्या दिवसापासून सुरू झालं.

प्लॅन साधा नव्हता. लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्याला प्रदक्षिणा घालायची. बोट ओढत नेऊन, तळं सतत उजव्या हाताला ठेवून, आधी मिशिगनचा वरचा भाग, मग मिनेसोटा, तिथून कॅनडात शिरायचं, उत्तरेच्या काठाने परत पूर्वेला यायचं आणि पूल ओलांडून घरी. मध्ये दोन-तीन ठिकाणी बोट पाण्यात टाकायची.

"देवळातल्या प्रदक्षिणेला बोट लागत नाही," काकू म्हणाल्या.

"देवळात पाणी नसतं," काका म्हणाले.

पुढचं दीड वर्ष त्यांच्या डायनिंग टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. नकाशे, ट्रेलरचं वजन, चढ-उतारांच्या नोंदी, सीमेवर दाखवायचे बोटीचे कागद, कॅनडात काय नेता येतं आणि काय नाही याच्या याद्या. काकूंच्या लिंबाच्या लोणच्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र कागद केला होता. त्यात लिंबाचं शास्त्रीय नाव होतं. प्रवासात एखादी तरुण व्यक्ती हवी म्हणून मलाही धरलं. माझ्या कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म त्यांनी आधी पेन्सिलने भरला, मग माझ्याकडून पेनने भरून घेतला, मग पेन्सिल खोडली.

दरम्यान २००६च्या शेवटी कंपनीने आमच्या लॅबमधली ब्रेकची बाजू बंद केली. काकांना वेळेआधी निवृत्ती दिली, एक केक कापला. मॅनेजर भाषणात म्हणाला की मधुकरने आम्हाला कधी थांबू दिलं नाही. काकांनी मान खाली घालून केक खाल्ला. मला दुसऱ्या विभागात टेबल मिळालं.

त्यानंतर प्लॅन वाढतच गेला. मे महिन्यात निघायचं होतं, ते बेअरिंगसाठी पुढे ढकललं. जूनमध्ये निघायचं, तर मागच्या दिव्यांची वायर नवी हवी. जुलैत त्यांना उत्तर काठावरच्या वाऱ्याबद्दल शंका आली. एका शनिवारी मी गेले तेव्हा काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "वैशाली, त्यांना जायचंच नाहीये."

"असं कसं? दिवसभर तेच तर करतात."

"म्हणून तर. जाऊन आले की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं?" एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि काकांच्या समोर उभ्या राहिल्या. "या ऑगस्टमध्ये नाही निघालो तर मी बसने जाईन. एकटी. उलट्या दिशेने."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिले चार दिवस काहीच घडलं नाही, आणि काकांना तेच हवं होतं. तळं उजवीकडे होतं. दर तासाला थांबून ते ट्रेलरच्या चाकांना हात लावून बघत, तापलीत का. दोन बंदरांवर बोट उतरवायचं ठरलं होतं. एकीकडे वारा होता. दुसरीकडे वारा नव्हता, पण काकांच्या मते येणार होता. पाचव्या दिवशी कॅनडाच्या सीमेवर पोचलो. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कुठून आलात?

"नोव्हाय," काका म्हणाले.

"आणि जाताय कुठे?"

काका खोटं बोलत नसत. "नोव्हाय."

अधिकाऱ्याने मागे बोटीकडे पाहिलं. "कॅनडातून?"

काकांनी त्याला प्रदक्षिणा म्हणजे काय ते समजावलं. उजव्या हाताचं महत्त्वही सांगितलं. अधिकारी सभ्य होता, ऐकून घेत होता. त्याने पुढचा प्रश्न विचारला की ही बोट शेवटची पाण्यात कधी होती. एका पाण्यातले शिंपले दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून ते विचारतात. काकांनी अभिमानाने उत्तर दिलं, "नेव्हर."

"नेव्हर?"

"माझ्याकडे आल्यापासून दोन वर्षांत एकदाही नाही, सर."

त्यानंतर आम्ही दीड तास बाजूच्या शेडमध्ये होतो. जी बोट शेकडो मैल ओढत आणली जाते, पाण्यात कधीच जात नाही आणि जिथून निघाली तिथेच परत चालली आहे, ती दोन माणसांनी आणि एका कुत्र्याने नीट तपासली. कुत्रं फक्त चिवड्यापाशी थांबलं. काकांनी लोणच्याचा कागद पुढे केला. अधिकाऱ्याने तो पूर्ण वाचला, काकूंकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आम्हाला सोडलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर काठावरच्या एका लहानशा बंदरावर वारा नव्हता, ढग नव्हते, आणि काकूंनी गाडीतून उतरून दार लावून घेतलं. काकांकडे कारणं संपली होती.

त्यांनी यादी माझ्या हातात दिली. एकशे बारा नोंदी होत्या. मी इंग्रजीत वाचत जायची आणि ते "डन" म्हणायचे. लाइफ जॅकेट, डन. दोर, डन. शिट्टी, दोन शिट्ट्या, डन. मी वाचलं, "प्लग." काकांनी ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग उपटलेला होता. पाण्यात नेण्याआधी तो काढायचा असतो. "डन," ते म्हणाले. मीही बघितलं. प्लग काढलेला होता.

ट्रेलर त्यांनी असा सरळ मागे नेला की धक्क्यावरच्या दोन मासेमारांनी टोप्या वर केल्या. बोट पाण्यात सरकली. काका आणि मी आत, काकू धक्क्यावर दोर धरून. इंजिन लागलं. पंचवीस-तीस फूट गेलो असू, तेव्हा माझे मोजे ओले झाले. मला वाटलं, बोटीत असं होत असेल. मग पाणी घोट्याच्या वर आलं.

बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, साचलेलं पाणी काढून टाकायला एक भोक असतं. पाण्यात उतरण्याआधी त्याला बूच लावायचं असतं. त्या बुचालाही प्लगच म्हणतात.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांचा उजवा पाय पाण्यात दाबला जात होता. "वैशाली," ते शांतपणे म्हणाले, "याला ब्रेक नाहीत." तिकडे काकूंनी दोर कमरेला गुंडाळला आणि मागे चालायला लागल्या. दोघे मासेमार धावत आले. सगळ्यांनी मिळून आम्हाला ओढून आणलं. बोट ट्रेलरवर चढली आणि त्या भोकातून लेक सुपीरियर कितीतरी वेळ बाहेर पडत राहिलं.

"चूक माझी," मी म्हणाले. "मी नीट विचारायला हवं होतं."

"यादी माझी," काका म्हणाले. आणि दुपारभर मोटेलच्या पायरीवर ओल्या पँटमध्ये बसून राहिले. बोटीची बॅटरी वाळत होती. काकांचं काही वाळत नव्हतं. जेवायला आले नाहीत. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की सकाळी सरळ घरी जायचं.

मासेमारांपैकी म्हातारा तेवढ्यात आमची विचारपूस करायला आला. काकांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "इथे प्रत्येकाने एकदा बूच विसरलेलं आहे."

"तुम्हीसुद्धा?"

"मी दोनदा. दुसऱ्यांदा बायकोचा भाऊ आत होता. त्या वेळी विसरलो असं मी म्हणतो."

काकांना आधी कळलं नाही. मग कळलं. मग ते असे हसले की काकू खोलीतून बाहेर आल्या.

सकाळी आम्ही पुन्हा बोट उतरवली. यादी कुणी काढली नाही. काकूंनी फक्त वाकून मागे बघितलं आणि त्याही बोटीत बसल्या. खाडीच्या तोंडाशी, जिथून पुढे नुसतं पाणी होतं, तिथे काकांनी इंजिन बंद केलं. बोट थोडा वेळ पुढे जात राहिली, मग हळू झाली, आणि मग कधी थांबली ते कळलंच नाही.

"आपोआप थांबते," काका म्हणाले. मग ते काकूंकडे वळले. "केक कापला ना, त्या दिवशी मी घरी येताना तीनदा चुकीचा एक्झिट घेतला. तुला सांगितलं नव्हतं, सुनंदा."

"माहीत होतं," काकू म्हणाल्या. "चाळीस मिनिटं उशिरा आलात. तुम्ही कधी चार मिनिटंसुद्धा उशिरा येत नाही." आणि त्यांनी डबा उघडला. आम्ही तिथे पोळी आणि लोणचं खाल्लं.

परतीच्या पुलावर अमेरिकन अधिकाऱ्याने माझे कागद जरा जास्त वेळ चाळले. मग काकांना विचारलं, काही जाहीर करायचंय? मी मनातल्या मनात तासभराची तयारी केली. काका म्हणाले, "नो सर." खरंच काही उरलं नव्हतं.

त्यांनी त्यानंतर दुसरा प्लॅन केला नाही. काकूंच्या ग्रंथालयात आठवड्यातून दोनदा नवीन आलेल्या लोकांना लेखी परीक्षेसाठी रस्त्याचे नियम शिकवायला लागले. बोट जवळच्या एका तळ्यावर ठेवली. शनिवारी दोघं तिथे जात आणि किनाऱ्यापासून फार दूर न जाता चहा पिऊन येत.

पुढच्या वर्षी आमच्या गावाचा सगळा गाड्यांचा धंदाच बसला. सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली. व्हिसावर असल्याने हातात फार दिवस नव्हते. धावपळ करून टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, काम मिळालं. सामान गाडीत भरलं आणि निरोप घ्यायला काकांकडे गेले. त्यांनी टायरमधली हवा बघितली. मी म्हणाले, "काका, रस्ता अजून धड बघितलासुद्धा नाहीये. दोन दिवसांचं ड्राइव्ह आहे."

मला वाटलं, आता आत जाऊन नकाशा आणतील. ते म्हणाले, "मग विचारत विचारत जा. लोक सांगतात."

डिसेंबरमध्ये एका रविवारी काकूंचा फोन आला. रविवारी नेहमी काका करत, म्हणून आवाज ऐकताच मी उभी राहिले. "सकाळी चहा घेत होते," काकू म्हणाल्या. "म्हणाले, जरा बसतो. बसलेलेच होते, तरी असं म्हणाले." मग म्हणाल्या, "एवढा तयारीचा माणूस गं, आणि मला काही म्हणजे काही सांगितलं नाही." तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

मी मिळेल त्या विमानाने गेले. त्यांचा मुलगा सिॲटलहून आला होता, तो चार दिवसांनी परतला. मी आठवडाभर राहिले. नव्या ऑफिसने रजा देताना कुरकुर केली, ती करू दिली. काकूंना सकाळी उठल्याबरोबर दोन कप चहा करायची सवय होती. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि मग दुसऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी खुर्ची ओढली, बसले आणि तो प्यायले. काकांना साखर जास्त लागायची. आठ दिवस मी तो तसाच गोड चहा प्यायले आणि काकूंनीही साखर कमी केली नाही.