मागचं दाखवणारा आरसा

माझे सासरे न्हावी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण माणसाकडे थेट न बघता आरशातून बघायची त्यांची सवय काही गेली नाही. आता ऐकूही कमी येतं, त्यामुळे घरातलं महत्त्वाचं बोलणं बेसिनपाशी होतं. मी मागे उभी राहून बोलते आणि ते दाढी करता करता आरशात माझे ओठ वाचतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा.

मध्यंतरी सासूबाई पडल्या. तेव्हापासून उठताना त्यांचा तोल जातो, आणि कोणाला हाक मारणं हे त्यांच्या स्वभावातच नाही. बाबा, म्हणजे सासरे, शेजारी बसतात, पण जेवण झालं की त्यांचा डोळा लागतो. मी घरूनच काम करते. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांचे आराखडे काढते. एका मॉनिटरवर आराखडा, दुसऱ्यावर मापं, तिसरं काही उघडायला जागाच नाही. सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा लावून ते चित्र मोबाइलवर ठेवून पाहिलं. फोन आला की चित्र जायचं, आणि नेमक्या अशाच एका फोनच्या वेळी त्या पुन्हा पडल्या. मग नणंद म्हणाली, आईला मी नेते. तिच्याकडे एकच खाट मावते. म्हणजे आई तिकडे आणि बाबा इकडे. दोघांनीही मान हलवली, पण त्या दिवशी दोघांचीही ताटं तशीच परत आली.

मी हट्टाला पेटले. नवरा नोकरीसाठी परगावी, तेव्हा कॅमेऱ्याचं चित्र कायम समोर राहावं म्हणून माझ्या ऑफिसातला एक जुना मॉनिटर मीच उचलून आणला. त्याच दुपारी नणंद यायची होती. सासूबाईंची पिशवी भरून खाटेपाशी ठेवलेली होती.

आता माझी हुशारी ऐका. जगाला कपाटं आखून देणाऱ्या मी स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी टेबलात इतका मापात कप्पा करून घेतला होता की मागे हात जेमतेम जातो, डोळा जात नाही. टेबल भिंतीत ठोकलेलं, हलणार कुठून? चाचपडत वायर खोचली, तर पडदा काळाच. कॉम्प्युटर घेतला त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, वरच्या भोकात लावू नका, ते ग्राफिक्स कार्डाचं नाही; आधीचे दोन मॉनिटर ज्या पट्टीवर लावलेत तिथेच तिसरी जागा असेल. पुन्हा चाचपलं. दोन वायरींच्या शेजारी बोटाला नुसतं गुळगुळीत लागत होतं. मी फरशीवर बसकण मारली आणि मला रडू आलं.

बाबा दारात उभे होते. काय अडलंय ते मी त्यांना खुणेने दाखवलं. ते आत गेले आणि आपला मुठीचा आरसा घेऊन आले. गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायचा तो. मला टॉर्च धरायला सांगून त्यांनी आरसा फटीत तिरका सरकवला.

तिसरी जागा होती. तिच्यावर काळं प्लॅस्टिकचं टोपण होतं, धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यातच बसवलेलं.

बाबांनी हातात चिमटा दिला, पण आरशात सगळं उलटं, माझा हात भलतीकडेच जाऊ लागला.

"आरशातल्या हाताकडे बघ, खऱ्याला विसर," बाबा म्हणाले. "आता माझ्या बाजूला आण. हळू. कान कापशील."

टोपण निघालं, वायर खट्कन बसली आणि पडदा उजळला. खोलीचं चित्र मी तिकडे सरकवलं. सासूबाई केवढ्या तरी मोठ्या दिसायला लागल्या, खाटेवर, पिशवीकडे बघत बसलेल्या. मी नणंदेला फोन करून सांगितलं की आईला न्यायला नको, नुसती भेटायला ये. ती म्हणाली, "वहिनी, फार बरं झालं."

बाबांच्या हातात आरसा तसाच होता. मी त्यातच बघून म्हटलं, "बाबा, आई कुठेही जात नाहीत. माझं लक्ष आहे. तुम्ही दुपारी खुशाल झोपा."

त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले, याबद्दल कोणाचे आभार मानावेत ते मला कळत नाही. म्हणून हे लिहितेय.

नंतर मी कामाला बसले. तिसऱ्या पडद्यावर बाबा खाटेपाशी गेले. भरलेल्या पिशवीतून त्यांनी कंगवा शोधून काढला, सासूबाईंचे केस विंचरले, अंबाडा घातला. समोर कपाटाचा आरसा होता. मग आपला आरसा त्यांनी मागे धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि गिऱ्हाइकाला विचारायचे तसं काहीतरी विचारलं. सासूबाईंनी अंबाडा चाचपला, मान हलवली आणि पायाने पिशवी खाटेखाली सरकवून दिली.