म्हात्रे टीचरांनी न दिलेली हमी

म्हात्रे टीचरांची आणि माझी ओळख स्टाफरूममध्ये झाली. मी मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि पहिल्याच दिवशी, कोणी विचारलेलं नसताना, ‘गणिताची माणसं रुक्ष असतात’ असं मत देऊन मोकळा झालो. टीचरांनी चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, ‘किती भेटली आतापर्यंत?’

‘तुम्ही पहिल्याच.’

‘मग निदान दुसरी भेटेपर्यंत थांबा.’

टीचर आता साठीच्या झाल्या. त्यांच्या कार्याविषयी लिहायचं तर दहावीची ती पूर्वपरीक्षा टाळता येत नाही. मुलांनी भूमितीच्या सिद्धता आरतीसारख्या पाठ केल्या होत्या. टीचरांनी आकृती उलटी काढली, एबीसीच्या जागी पीक्यूआर लिहिलं, आणि अर्धा वर्ग आडवा झाला.

पालक शाळेत जमले. मागणी एकच: बोर्ड तोंडावर आलंय, यांच्याकडून वर्ग काढून घ्या. बोळिंजहून आलेले सावंत सर्वांत पुढे. ‘माझ्या मुलीला नेहमी पैकीच्या पैकी पडतात. तिला येत नाही, हे तुम्हाला आत्ता कळलं?’

‘मलाही आत्ताच कळलं,’ टीचर म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी वाट काढून दिली. ‘मुलं बोर्डात चांगले मार्क आणतील, एवढी हमी द्या. विषय संपवू.’

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. असले ‘हो’ मी रोज म्हणतो.

‘नाही देता येणार,’ टीचर म्हणाल्या. ‘विचार करणाऱ्या मुलांना गणितात बहुतेक वेळा जास्त मार्क पडलेले मी पाहिलेत. पण याच वर्गाला पडतील, हे कशावरून सांगू?’

खुर्च्या करकरल्या. वर्ग गेला, असं मी धरूनच चाललो.

सावंतांनी विचारलं, ‘मग देऊ काय शकता?’

‘चुकलं तर कुठे चुकलं, ते तिचं तिला शोधता येईल. एवढं शिकवते.’

सावंत मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, ‘वर्ग यांच्याकडेच राहू द्या. खोटं बोलायचं असतं तर मघाशीच बोलल्या असत्या.’ त्या सभेत टीचरांखेरीज कोणी केलेला तो एकमेव तर्कशुद्ध विचार.

परीक्षेपर्यंत मागे पडलेली मुलं टीचरांच्या पापडी गावातल्या घरी जात. चुकलेली पायरी त्यांची त्यांना शोधावी लागे. खायला मात्र काही न विचारता मिळे.

निकाल चांगला लागला. त्याचं श्रेय टीचरांना देणारं एक वाक्य या लेखात होतं. त्यांनी फोनवरून ते खोडायला लावलं. ‘निम्मी मुलं क्लासलाही जात होती, सर.’

खोडलं. टीचरांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभावं, असं आम्हा सर्वांना मनापासून वाटतं. हे वाक्य मात्र त्यांनी सांगितलं तरी खोडणार नाही.