चाकावरची जाळी

देवळाबाहेर मी हार विकते. नवी गाडी घेतली की लोक आधी पूजेला इथेच येतात.

त्या दिवशी नवी मोटारसायकल घेऊन आलेला तो पोरगा सुरगाण्याकडचा होता. नाव मी विचारलं नाही. हार घालून झाला तरी टाकीवरचा हात काढत नव्हता, पुन्हा पुन्हा बाहीने पुसत होता. शेजारच्या नव्या गाडीवाल्याला सांगत होता, "लय गुळगुळीत चालते. आईला आता जीपमध्ये कोंबून यायला नको. मागं बसवून दवाखान्यात आणीन."

तो दुसरा म्हणाला, "ते साडीगार्ड काढ आधी. म्हाताऱ्याची गाडी वाटते."

समोरच्या गॅरेजात लगेच मागच्या चाकावरची ती जाळी निघाली. त्याने मला विचारलं, "आजी, आता कशी दिसते?"

मी जन्मभर साडी नेसले. त्याच्या आईचा पदर कुठे जाणार, हे मला तिथेच कळलं. पण गिऱ्हाईक खूश होतं. मी म्हटलं, "झकास."

दोन महिन्यांनी तो जाळी परत बसवून घ्यायला आला. पदर चाकात गेला होता, आईचं मनगट मोडलं होतं.

"आता आई बसेल की मागं," मी म्हटलं.

"नाय बसत. म्हणते, तू हो पुढं, मी जीपनं येते." या वेळी त्याने टाकी पुसली नाही.

आता हार देण्याआधी मी मागचं चाक बघते. जाळी नसली तर तोंडावर बोलते. लोक चिडतात. त्याला मात्र मी हसून 'झकास' म्हटलं होतं.